सहलीच्या वाटा आणि त्यांचे जुने वाटसरू

'सहकुटुंब सहल' हा विषय इतिहासाच्या प्राध्यापकाकडे का यावा, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. मलाही तो पडला होता. सहल म्हटली की डबे, सतरंजी, पाण्याची बाटली आणि संध्याकाळी दुखणारे पाय. त्यात इतिहास कुठून येणार? पण आमचे बिऱ्हाड पंधरा वर्षांपूर्वी बेलापुरास आले. तेव्हापासून आई, पत्नी आणि दोन मुले अशी आमची पलटण घेऊन मी नव्या मुंबईच्या आसपास जेवढा पायी हिंडलो, तेवढा या शहराच्या इतिहासाचा माझा अंदाज चुकत गेला. हे नवे शहर आहे, त्याला इतिहास नाही, असे आम्ही घाटावरची माणसे येथे येताना समजून येतो. इमारती नव्या आहेत हे खरेच. वाटा मात्र नव्या नाहीत.

येथे फिरायला जाण्याजोग्या जागा तीन तऱ्हेच्या आहेत. एक डोंगर आणि त्यावरचे रान, दुसरी नदीकाठ, आणि तिसरी म्हणजे खाडीचे खाजण. तिन्ही ठिकाणी लहान मूल आणि सत्तरीची आजी यांना बरोबर घेऊन जाता येते. मात्र कुठे, कधी आणि कितपत जायचे हे ठाऊक पाहिजे. त्यातले पुष्कळसे मी चुकून शिकलो.

प्रथम रानाकडे जाऊ. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की डाव्या हाताला आकाशात अंगठा वर केल्यासारखा एक सुळका दिसतो. तो कर्नाळा. सुळक्याखाली किल्ला आणि किल्ल्याखाली पक्ष्यांचे अभयारण्य. हे अभयारण्य 1968 साली घोषित झाले. तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरांहूनही लहान होते. पुढे वाढून बारा चौरस किलोमीटरांच्या घरात गेले. मुलांना घेऊन किल्ल्यापर्यंत चढलेच पाहिजे असे नाही. खालच्या वाटेने तासभर चालले, मध्ये एखाद्या दगडावर गप्प बसले, तरी भृंगराजाची लांब शेपटी दिसते. पावसाळ्याच्या सुमारास शीळकरी कस्तूराची शीळ ऐकू येते. ती शीळ एखादे वांड पोर शाळा चुकवून रानात हिंडत असावे तशी असते. माझ्या मुलाने ती प्रथम ऐकली तेव्हा, "बाबा, कोण आहे तिकडे?" असेच विचारले होते.

किल्ल्याचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो, कारण किल्ल्यांबद्दल आपण महाराष्ट्रात पुरेसे बोलतो. 1670 साली शिवाजी महाराजांच्या सैन्याने तो मोगलांकडून परत घेतला आणि 1818 साली तो इंग्रजांकडे गेला. मधल्या काळात वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा येथले किल्लेदार होते. फडक्यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी शिरढोणला झाला. ते गाव पनवेल-कर्नाळा रस्त्यावरच लागते. मी मुलांना तेथे मुद्दाम उतरवतो. ज्या पोराने अंगणातून रोज हा सुळका पाहिला, घरात आजोबांच्या गडाच्या गोष्टी ऐकल्या, त्याने पुढे इंग्रजांविरुद्ध हत्यार उपसले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात देह ठेवला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मुंबईत काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण रानाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एकाच साली शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दिसल्या, की मला वर्गात सांगायला बरे पडते.

कारण रानात 'फिरायला' जाणे ही कल्पनाच त्या काळी नवी होती. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने डोंगर चढून गेले आणि त्यांनी माथेरान शोधून काढले, असे पुस्तकात लिहिलेले असते. शोधून काढले! जणू त्या डोंगरावर आधी कोणी नव्हतेच. धनगर, ठाकूर, कातकरी यांच्या पायवाटा तिथे होत्याच, साहेबही अशाच एखाद्या वाटेने वर चढला असणार. फरक एवढाच, की आधीची माणसे मध, लाकूडफाटा, गुरांचा चारा यांसाठी चढत होती आणि साहेब हवा खायला चढला. पुढे 1907 साली आदमजी पीरभाईंनी नेरळहून वर छोटी आगगाडी नेली आणि हवा खाणे आपल्याही आवाक्यात आले. आज आम्ही डबे बांधून निघतो ते त्या साहेबाच्या मागून, हे कबूल केले पाहिजे. पण वाट त्याची नव्हे.

मग ती वाट ज्यांची, त्यांचे पुढे काय झाले? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून येथे जरा थांबतो.

कोकणातला भातशेतीचा शेतकरी पावसाळ्यापूर्वी राब भाजतो. झाडांचा टाहाळ, पालापाचोळा, शेण, गवत शेतातल्या वाफ्यावर पसरून ते जाळायचे आणि त्या राखेत भाताची रोपे करायची. म्हणजे खाली खाचरात भात पिकवायचे तर वर डोंगरात झाड हवे. कातकऱ्याचे तर नावच खैराच्या झाडापासून काढलेल्या काताशी जोडलेले. 1878 च्या वन कायद्याने या रानांची राखीव आणि संरक्षित अशी वाटणी झाली आणि काल ज्या टाहाळाला कोणी विचारत नव्हते, त्याच्यासाठी परवाना लागू लागला. तक्रारी इतक्या वाढल्या, की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी 1885 साली सरकारला आयोग नेमावा लागला. कुलाबा म्हणजेच आजचा रायगड. नाव 1981 साली बदलले. आयोगाने चौकशी केली, अहवाल आला, थोडीफार सवलतही मिळाली. पण माणूस आणि रान यांच्यामध्ये एक रखवालदार उभा राहिला तो राहिलाच.

1930 साली देशात मिठाचा सत्याग्रह झाला हे शाळकरी पोरही सांगेल. त्याच साली आपल्याकडे जंगल सत्याग्रह झाला, तो मात्र पुस्तकाच्या एका ओळीत उरकला जातो. उरण तालुक्यातल्या चिरनेर गावची माणसे 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली. कायदा मोडण्यासाठी त्यांना काही मोठे करायचे नव्हते. त्यांच्याच रानात जायचे आणि कोयता चालवायचा, इतकेच. पोलिसांनी गोळी चालवली. आठ जण हुतात्मे झाले. त्यांत आगरी होते, कोळी होते, आणि नाग्या महादू कातकरी हा होता. चिरनेरला स्मारक आहे, महागणपतीचे जुने देऊळ आहे. देवळाला पुष्कळ लोक जातात; तसेच दहा पावले पुढे स्मारकाकडेही जावे. आम्ही गेलो तेव्हा माझ्या मुलीने नावे मोठ्याने वाचली आणि विचारले, "फक्त झाडं तोडायला गेले म्हणून मारलं?" तिच्या शाळेत झाडे लावा, झाडे वाचवा शिकवतात. झाड तोडणारा तो वाईट, एवढे तिला पक्के ठाऊक. तिला राब समजावून सांगायला मला सगळी परतीची वाट लागली. ती पटली की नाही, नक्की सांगता येत नाही.

नदीबद्दल फार बोलत नाही. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून निघते, पनवेलजवळून वाहते आणि खाडीला मिळते. दिवाळीनंतर, पाणी निवळले की वरच्या अंगाच्या गावांतून तिच्या काठाने सकाळी चालावे. बगळे, खंड्या, धोबी हमखास दिसतात. पावसाळ्यात मुलांना घेऊन डोंगरातल्या नदीच्या पात्रात वा धबधब्याखाली उतरू नये. वर माथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा खाली ऊन असते, आणि पाणी सांगून येत नाही. दर वर्षी वर्तमानपत्रांत बातम्या येतात, तरी दर वर्षी लोक उतरतात. पलीकडच्या उलवे नदीचा तर मूळ प्रवाहच आता वळवला आहे, विमानतळासाठी. त्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. नदीने काठ बदलल्याचे इतिहासात अनेक दाखले आहेत. माणसाने तिला उचलून बाजूला ठेवल्याचा हा दाखला आमच्या डोळ्यांदेखत घडला.

आणि पनवेल हे एके काळी बंदर होते, हे आजच्या पनवेलकराला सांगूनही खरे वाटत नाही. 1830 साली बोरघाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्यानंतर मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने खाडीतून पनवेलला येई आणि येथून गाडीने घाट चढे. आगगाडी आली आणि पनवेलचे ते महत्त्व ओसरले. बेलापूरचा किल्ला या खाडीच्या तोंडावर बसवलेला आहे तो याच रहदारीवर नजर ठेवण्यासाठी. सिद्दी, पोर्तुगीज, 1733 मध्ये चिमाजी अप्पांच्या काळात मराठे, 1817 मध्ये इंग्रज, असे त्याचे मालक बदलत गेले. आता एक बुरूज आणि थोडे अवशेष उरले आहेत.

आता खाजण. खरे सांगायचे तर मला बोलायचे होते ते याच्याबद्दलच.

आमच्या घराच्या खिडकीतून पूर्वी एक मोकळा पट्टा दिसे. चिखल, मध्ये पाण्याची तळी, कडेला तिवरांची हिरवी रांग, आणि त्यातून गेलेला मातीचा लांबच लांब बांध. घर घेताना मला तो पट्टा 'पडीक' वाटला. बांधावरून फिरायला जाऊ लागलो तेव्हा आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याचे आजोबा भेटले. जवळच्याच गावचे आगरी. मला म्हणाले, "मास्तर, तुमी इथं फिरायला आलाव, आमी इथं राबायला यायचो." मग त्यांनी बोट करून दाखवले : इथे उघाडी होती, इथे पाणी घ्यायचे, तिथे मीठ पडायचे.

श्रोतेहो, आगरी हा शब्दच आगरापासून आला आहे, मिठागरापासून. मीठ पिकवणे हे शेतीसारखेच कष्टाचे आणि शेतीहून नाजूक काम. पावसाळा सरला की वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून कठीण आणि सपाट करायची. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात दाट करायचे, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागले की लांब दांड्याच्या फळीने ओढून त्याचे ढीग घालायचे. जूनमध्ये पाऊस आला की सगळे संपले. भरती, ऊन आणि वारा यांचा मेळ चुकला तर मेहनत पाण्यात जायची, आणि इथे ते अक्षरशः खरे होते. मिठावर कर सरकारचा. बांध राखण्याची मेहनत मात्र गावाची.

हे बांधही आजकालचे नाहीत. खारे पाणी अडवून भातजमीन तयार करण्याचा उद्योग या किनाऱ्यावर इंग्रजांच्या आधीपासून चालला होता. जो पदरचे खर्चून बाहेरचा बांध घाली आणि राखी, त्याला जमिनीवर विशेष हक्क मिळे. त्या पद्धतीला शिलोत्री म्हणत. पनवेल तालुक्यात शिलोत्तर रायचूर नावाचे गाव आहे. त्या नावात तो सगळा इतिहास जपून ठेवलेला आहे. नवे पनवेलचे रहिवासी रोज त्यावरून जातात.

आम्ही ज्यावर सकाळी 'चालायला' जातो तो बांध म्हणजे कुणाच्या तरी पूर्वजांनी टोपलीटोपलीने घातलेली भिंत आहे. 1965 साली 'मार्ग' मासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी या शहराच्या आराखड्यात आल्या. त्यांत भातखाचरे होती, मिठागरे होती, खाजणे होती. मोबदल्यासाठी लोकांनी आंदोलन केले. 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवशी जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत देण्याचे तत्त्व पुढे आले. म्हणजे चिरनेरनंतर चोपन्न वर्षांनी, त्याच तालुक्यात, पुन्हा जमिनीसाठीच माणसे पडली. आणि या वेळी सरकार आपले होते.

हे सगळे मुलांना सहलीत सांगतो का? नाही. मुले चिखलातले खेकडे पाहत असतात, आणि ते बरोबरच आहे. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते. झाड त्या मुळांनी श्वास घेते. पान चाटून पाहिले तर खारट लागते; शोषलेले मीठ झाड पानावाटे बाहेर टाकते. माझ्या मुलीने चाटून पाहिले, मग आजीलाही चाटायला लावले. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली, 2012 साली राज्याच्या वनखात्यात कांदळवनासाठी वेगळा कक्ष झाला, आणि 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. ठाणे खाडीतले रोहित पक्ष्यांचे अभयारण्य 2015 मधले. 2022 साली या खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. ऐरोलीला वनखात्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथे कांदळवनातून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. ज्यांच्या घरी फार लहान मूल किंवा गुडघेदुखी आहे, त्यांनी सुरुवात तेथून करावी.

आता रोहित कसे पाहावे. आमची पहिली खेप फसली. जानेवारीतला रविवार, भरदुपार. खाडीकाठी पोचलो तर पाणीच नाही. कोसभर चिखल आणि त्याच्या पार टोकाला एक अस्पष्ट गुलाबी रेघ. जवळून दिसतील म्हणून मुलगा दोन पावले पुढे गेला आणि त्याची चप्पल चिखलाने गिळली. ती तिथेच राहिली. परत येताना आईने विचारले, "आज तिथी काय?" नवमी होती. तिने चालता चालता हिशेब केला : नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. "सकाळी पावणेसातला भरती होऊन गेली. दुपारी एकला पाणी कुठून असणार?" हे तिला कुणी शिकवले, तर आमच्या इमारतीत मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीने. तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण हिशेब चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. घरात पंचांग आहे ते चतुर्थी-एकादशीसाठी, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती.

आणि रोहितांचे वेळापत्रकही तेच आहे. ओहोटीला ते खाडीच्या उघड्या चिखलावर पसरून शेवाळ आणि बारीक जीव टिपतात. त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. भरतीने चिखल झाकला गेला की ते उडून नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ तळ्यांवर येतात. त्या वेळी तळ्याच्या काठाशी उभे राहावे. दुर्बीण लागत नाही. म्हणजे पक्ष्यांना दोन्ही जागा हव्यात, खाडीही आणि तळीही. 2024 च्या उन्हाळ्यात सीवूड्सच्या तळ्यात खाडीचे पाणी येणे बंद झाले, तळे सुकले आणि काही रोहित मरून पडले. आसपासच्या रहिवाशांनी आवाज उठवला, पाण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. त्या बातम्या वाचताना मला बांधावरचे ते आजोबा आठवत होते. उघाडी केव्हा खोलायची आणि केव्हा लावायची, एवढ्या एका ज्ञानावर त्यांच्या गावाने पिढ्यान् पिढ्या पोट भरले. त्या तळ्याला नेमके तेच हवे होते. ते आजोबा मागच्या वर्षी वारले. खिडकीतला पट्टाही आता अर्धाच दिसतो. अर्ध्यावर भराव पडून बरेच दिवस झाले.

आईने या महिन्याची भरतीची वेळापत्रके पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने मांडली आहेत. येत्या रविवारी चतुर्दशी आहे. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा; आणि उधाणाची भरती. साडेनऊला आपण बांधावर असलेच पाहिजे, आणि या खेपेला सगळ्यांनी बूट घालायचे, असे तिने आम्हाला बजावून ठेवले आहे.